जाळ्यातील रेषा आणि बिंदू : जोडणीची पारख



नकाशावर दोन रेषा एकमेकींना छेदताना दिसल्या, की ते दोन मार्ग तेथे मिळतात असा सर्वसाधारण समज असतो. संगणकीय भौगोलिक माहिती प्रणालीत मात्र हा समज बाजूस ठेवावा लागतो. तेथे दोन रेषांची जोडणी त्यांना समाईक असा बिंदू आहे की नाही, यावरच ठरते.

या विचाराचे मूळ जुने आहे. प्रेगेल नदीकाठच्या क्योनिग्सबर्ग नगरात सात पूल होते. प्रत्येक पुलावरून एकदाच जाऊन सर्व पूल ओलांडता येतील काय, या प्रश्नाचा उलगडा गणितज्ञ ऑयलर याने १७३६ मध्ये केला. अंतर व आकार वगळून त्याने केवळ परस्परसंबंध पाहिला. आजच्या परिभाषेत भूभाग म्हणजे बिंदू व पूल म्हणजे रेषा. चारही भूभागांना मिळणाऱ्या पुलांची संख्या विषम असल्यामुळे तसा फेरफटका अशक्य ठरला.

गोव्यातील दिवाडी बेटाचे उदाहरण बोलके आहे. कोकण रेल्वेचा मार्ग या बेटावरून जातो. परंतु रूळ व रस्ता जवळ आले म्हणून प्रवाशाला तेथे उतरता येत नाही. रेल्वे व रस्ता यांची जोडणी स्थानकातच होते, आणि करमळी स्थानक नदीच्या दक्षिणेस आहे. जुन्या गोव्याहून बेटावर जाण्यास फेरीबोट लागते. रूळ व रस्ता यांच्या छेदावर चुकून बिंदू पडला, तर संगणक अस्तित्वात नसलेली वाट दाखवील. उलट, फेरीमार्गाची रेषा गाळली, तर बेट तुटलेले दिसेल. दोन्ही चुका सारख्याच घातक होत.

म्हणून पहिली पायरी बिंदूंच्या मोजणीची. ज्या बिंदूस एकच रेषा मिळते, तेथे रस्ता खरोखर संपतो की रेखाटताना हातभर अंतर राहिले, हे पाहावे. असे अंतर डोळ्यांस दिसत नाही; संगणकास मात्र ती दरीच. जवळची टोके आपोआप जोडण्यासाठी सहनमर्यादा ठरविता येते. ती फार लहान ठेवल्यास फटी राहतात. फार मोठी ठेवल्यास महामार्ग व त्यालगतचा स्वतंत्र रस्ता एक होतात. त्यानंतर मुख्य जाळ्यापासून सुटलेले लहान तुकडे वेगळे काढून तपासावेत. उड्डाणपूल व त्याखालील रस्ता यांच्या छेदावर बिंदू नसावा, आणि एकेरी वाहतुकीची दिशा नोंदलेली असावी.

जोडणी शुद्ध झाल्यावरच महत्त्वाचा प्रश्न विचारता येतो : कोणती रेषा तुटल्यास सर्वाधिक हानी होईल? ५ जुलै १९८६ रोजी पणजीचा मांडवी पूल कोसळला. एका रेषेच्या लोपाने पणजी व बार्देश यांमधील थेट रस्ता बंद झाला आणि वाहतुकीचा भार फेरीबोटींवर येऊन पडला. आज तेथे लगोलग पूल उभे आहेत. त्यांपैकी अटल सेतू २०१९ मध्ये खुला झाला. अशा निर्णायक रेषांची यादी संकट येण्यापूर्वीच सिद्ध असणे अगत्याचे आहे.

अखेरची पारख मात्र प्रत्यक्ष जागेवरच होते. संगणक संशयास्पद बिंदू दाखवितो; तेथे रस्ता आहे की कुंपण, हे जाऊन पाहणाऱ्यासच कळते. रुग्णवाहिकेची वाट याच माहितीवर ठरणार असल्यामुळे ही पाहणी टाळणे परवडणारे नाही.