एंगेज टोन खरं बोलतो का?

कोल्हापुरातनं बोलतोय. आजचा भाग गेटवेबद्दल. ऑफिसातले इंटरनेटवर चालणारे फोन आणि बाहेरचं जुनं टेलिफोन नेटवर्क, या दोघांच्या मधे बसणारी ती डबी. ती कशी लावायची याचे व्हिडिओ ढीगभर मिळतील. मी आज सांगणार आहे ती मी लावलेल्या आणि माझ्याकडूनच चुकलेल्या डबीची गोष्ट.

२०२१ साल. संक्रांत झाली, दुसऱ्या दिवशी किंक्रांत. १५ जानेवारी, शुक्रवार. रात्री साडेदहाला एका हॉस्पिटलमधून सिस्टरांचा फोन आला, त्यांच्या स्वतःच्या मोबाईलवरून. "दादा, भुलीच्या डॉक्टरांचा नंबर वीस मिनिटं झाली एंगेजच लागतोय. शेवटी माझ्या मोबाईलवरनं लावला, तर पहिल्या रिंगला उचलला. म्हणाले, मी तर कुणाशीच बोलत नव्हतो." पेशंट सिझेरियनला घ्यायची होती. डॉक्टर पोचले, बाळ-बाळंतीण सुखरूप. पण ती वीस मिनिटं गेली ती गेलीच. आणि ती माझ्यामुळं गेली.

आता हे झालं कसं, ते बघू.

त्या हॉस्पिटलात आत सगळे आयपी फोन होते आणि बाहेर जायला एक पीआरआय लाईन. पीआरआयच्या तारेत ३२ खाने असतात. ३० आवाजासाठी, एक ताळमेळ ठेवायला, आणि १६ नंबरचा खाना नुसत्या निरोपांसाठी. "अमुक नंबर लावा", "रिंग वाजतेय", "उचलला", "ठेवला" हे सगळे निरोप त्या एका खान्यातनं जातात. यालाच सिग्नलिंग म्हणायचं. आतल्या बाजूला तेच निरोप एसआयपीच्या भाषेत असतात. तिकडचा "सेटअप" म्हणजे इकडचा "इन्व्हाइट". तिकडचं "अलर्टिंग" म्हणजे इकडचं "१८० रिंगिंग". तिकडचं "कनेक्ट" म्हणजे इकडचं "२०० ओके". गेटवे हा दुभाष्या आहे, बस्स.

फोन लागतो तेव्हा दुभाष्याचं काम सोपं असतं. खरी परीक्षा फोन लागत नाही तेव्हा. कारण एक्स्चेंज नुसतं "नाही" म्हणत नाही, "का नाही" तेही आकड्यात सांगतं. १७ म्हणजे समोरचा बोलतोय. १ म्हणजे असा नंबरच नाही. २८ म्हणजे नंबर अपुरा किंवा चुकीच्या पद्धतीनं लावलाय. ३४ म्हणजे जायला लाईनच मोकळी नाही. एसआयपीत यांचे जोडीदार ठरलेले आहेत: १७ ला ४८६, १ ला ४०४, २८ ला ४८४, ३४ ला ५०३. ही जुळणी २००२ सालापासून आरएफसी ३३९८ मध्ये लिहून ठेवलेली आहे.

आणि मी काय केलं होतं? फोन लागला नाही की आतले फोन काही न वाजता बंद पडायचे. "फोन मुका होतोय" अशी तक्रार आली. मला घाई होती. मी सरळ लिहून टाकलं: कारण कुठलंही असो, आत ४८६ पाठवा. म्हणजे एंगेज. टोन वाजायला लागला, तक्रार थांबली, मी बिल लावलं.

पुढं काय झालं? १५ जानेवारी २०२१ पासून देशभर नियम लागू झाला की लँडलाईनवरून मोबाईल लावताना आधी शून्य लावायचा. त्याआधी आपल्या सर्कलमधला मोबाईल शून्याशिवाय लागायचा. नवीन मोबाईल नंबरांसाठी जागा करायची होती, सुमारे २५४ कोटी नंबर त्यातनं मोकळे होणार होते. बातमी मी वाचली होती. पण हॉस्पिटलच्या डबीत दहा आकडे तसेच बाहेर सोडायचा नियम आहे, हे डोक्यातच आलं नाही.

बरं, एक्स्चेंज गप्प नव्हतं. शून्य न लावता फोन केला की "आधी शून्य लावा" अशी सूचना ऐकवायची, हेही ठरलेलं होतं. ही सूचना फोन उचलला जाण्याआधी येते. एक्स्चेंज "प्रोग्रेस" नावाचा निरोप पाठवतं, म्हणजे "तारेवर काहीतरी ऐकण्यासारखं आहे, कान उघडा". गेटवेनं त्याचं १८३ करून आतल्या फोनला द्यायचं आणि आवाजाची वाट उघडायची. माझ्या डबीत ते बंद होतं. सूचना दारापर्यंत आली आणि सिस्टरांच्या कानात पडला एंगेज टोन. एंगेज म्हटल्यावर माणूस काय करतो? थांबतो, आणि परत लावतो. वीस मिनिटं त्यांनी तेच केलं. त्यांचं काय चुकलं, सांगा?

त्या रात्रीच जाऊन दुरुस्त केलं. तुम्हीही उद्या आपली डबी उघडून बघा.

पहिलं, डायल प्लॅन. ६ ते ९ ने सुरू होणारे दहा आकडे आले तर पुढं शून्य. आधीच शून्य असेल तर हात लावायचा नाही. गावातले सात आकडी नंबर तसेच जाऊ द्यायचे. आणि ११२, १०८ यांना कुठलाही नियम शिवता कामा नये.

दुसरं, १८३ चालू ठेवा. बाहेरची सूचना आत ऐकू आली पाहिजे.

तिसरं, ४८६ फक्त १७ साठी. बाकीची कारणं जशीच्या तशी आत येऊ द्या आणि प्रत्येकाला वेगळा टोन द्या.

चौथं, न लागणारे फोनही तपासा. आपण एक फोन लावतो, "हॅलो, येतोय का आवाज?" म्हणतो आणि पेढे मागतो. तसं नको. बंद मोबाईल लावा, चुकीचा नंबर लावा, बोलत असलेला नंबर लावा. प्रत्येक वेळी कानात काय पडतं ते वहीत लिहा.

त्याच वर्षी जुलैत पूर आला. पंचगंगेनं ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली, महामार्ग बंद, कित्येक भागांत वीज नाही. नंतर सिस्टर भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "एका डॉक्टरांचा मोबाईल बंद आहे असं ऐकू आलं, मग लगेच दुसऱ्यांना लावला." एवढंच. पण मला त्या एका वाक्यानं बरं वाटलं.

आपण जोडणी करणारी माणसं. फोन लागला तर आपली आठवण कुणी काढत नाही, काढूही नये. पण लागला नाही, तर का लागला नाही हे पलीकडच्या माणसाला खरं सांगणं, तेवढं आपल्या हातात असतं.

पुढच्या भागात एकाच बाजूनं आवाज येतो त्या रोगाबद्दल बोलू. तोवर, राम राम.