मंजूर पद आणि वर्गातील शिक्षक



शिक्षकभरतीचा विचार करताना दोन गोष्टींत भेद करणे अगत्याचे आहे. एक मंजूर पद आणि दुसरी प्रत्यक्ष नेमणूक. मंजूर पद कागदावर असते. नेमणूक झालेला शिक्षक मुलांसमोर उभा असतो. या दोहोंमधील अंतर काही आठवड्यांचे आहे की काही वर्षांचे, यावर खेड्यातील मुलाचे शिक्षण अवलंबून असते.

दोन व्यवस्था

१ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि ग्रामीण भागातील प्राथमिक शिक्षणाची धुरा त्यांच्याकडे आली. माध्यमिक शिक्षणाचा विस्तार मात्र मुख्यतः खाजगी शिक्षणसंस्थांनी केला. या शाळांत वेतनाचा भार शासनाने अनुदानरूपाने उचलावा, निवड संस्थेने करावी आणि तिला शिक्षणाधिकाऱ्यांनी मान्यता द्यावी, अशी रीत रूढ झाली. संस्थाचालकांच्या मर्जीवर शिक्षकाची नोकरी अवलंबून राहू नये म्हणून १९७७ चा खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा अधिनियम आणि १९८१ ची नियमावली आली. दोन वर्षांचा परिवीक्षा काळ आणि शाळा न्यायाधिकरणाकडे दाद मागण्याचा हक्क, ही या कायद्याची ठळक देणगी होय.

नोकरीला संरक्षण मिळाले, तरी निवडीचा प्रश्न शिल्लक राहिला. वेतन सार्वजनिक निधीतून आणि निवड खाजगी हाती, या रचनेत गुणवत्तेखेरीज अन्य गोष्टींना वजन मिळते, अशी तक्रार दीर्घकाळ होत राहिली.

भरतीचे बदलते स्वरूप

२००० मध्ये शिक्षणसेवक योजना आली. नवनियुक्त शिक्षकाने प्रथम तीन वर्षे मानधनावर काम करावे आणि त्यानंतर नियमित वेतनश्रेणीत यावे, असे तिचे स्वरूप. प्राथमिक शिक्षणसेवकाचे मानधन आरंभी दरमहा ३,००० रुपये होते. २०२३ मध्ये ते १६,००० रुपये झाले. माध्यमिक व उच्च माध्यमिक स्तरांवर ते अनुक्रमे १८,००० व २०,००० रुपये करण्यात आले.

१ एप्रिल २०१० पासून बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा अंमलात आला आणि शिक्षकांची संख्या हा मुलांच्या हक्काचा भाग बनला. प्राथमिक स्तरावर ३० मुलांमागे एक आणि उच्च प्राथमिक स्तरावर ३५ मुलांमागे एक शिक्षक, हे प्रमाण कायद्याने ठरविले. शासकीय, स्थानिक संस्थांच्या व अनुदानित शाळांतील रिक्त पदे मंजूर पदांच्या दहा टक्क्यांहून अधिक असू नयेत, हेही त्यात नमूद आहे. शिक्षक पात्रता परीक्षेची अट याच कायद्याच्या अनुषंगाने आली.

ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यात विशेष पटपडताळणी झाली. तीत पटावरील नोंद आणि वर्गातील हजेरी यांतील तफावत उघड झाली. पट घटला की पदे कमी होतात आणि त्या पदांवरील शिक्षक अतिरिक्त ठरतात. मे २०१२ मध्ये, अशा शिक्षकांचे समायोजन होईपर्यंत नव्या भरतीवर निर्बंध आले. पुढे २०१७ मध्ये ‘पवित्र’ या संगणकीय प्रणालीची योजना झाली आणि त्या वर्षीच्या डिसेंबरात अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी घेण्यात आली. जिल्हा परिषद असो वा अनुदानित संस्था, उमेदवार गुणांच्या आधारे पुढे यावा, हे तत्त्व यामुळे प्रस्थापित झाले.

विलंबाची किंमत

तत्त्व योग्यच आहे. प्रश्न गतीचा आहे. डिसेंबर २०१३ मध्ये राज्यातील पहिली पात्रता परीक्षा उत्तीर्ण झालेल्या उमेदवाराला अभियोग्यता चाचणीसाठी चार वर्षे थांबावे लागले. त्या चाचणीवर आधारित निवड यादी ऑगस्ट २०१९ मध्ये लागली. पात्रता प्रमाणपत्राची मुदत तेव्हा सात वर्षे होती. म्हणजे तिचा बहुतांश काळ प्रतीक्षेतच सरला. पुढील चाचणी २०२३ मध्ये आणि त्यानंतरची २०२५ मध्ये झाली.

उमेदवाराची हानी डोळ्यांना दिसते. मुलांची दिसत नाही. चार इयत्तांच्या शाळेतील दोन शिक्षकांपैकी एक निवृत्त झाला, तर उरलेल्या एकाला चारही वर्ग, नोंदवह्या, पोषण आहार आणि बैठका सांभाळाव्या लागतात. तो बैठकीस गेला की शाळा उघडी असूनही अध्यापन बंद असते. पहिलीत आलेले मूल अशा शाळेतून चौथी ओलांडते आणि त्याला गेलेली वर्षे पुन्हा मिळत नाहीत.

आधी कळणारी रिक्त पदे

येथे एक साधी गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. शिक्षक वयाच्या ५८ व्या वर्षी निवृत्त होतो आणि त्याची जन्मतारीख सेवापुस्तकाच्या पहिल्याच पानावर असते. म्हणजे निवृत्तीने रिक्त होणारे पद कित्येक वर्षे आधी ठाऊक असते. तरीही पद रिक्त झाल्यावरच हालचाल सुरू होते. संचमान्यता, अतिरिक्त शिक्षकांचे समायोजन, बिंदुनामावलीची मागासवर्ग कक्षाकडून तपासणी, जाहिरात, निवड आणि कागदपत्रांची पडताळणी, ही साखळी आहे. तिचा एक दुवा अडला की पुढील सारे दुवे अडतात. ही कामे पद रिक्त होण्यापूर्वी करता येतात; त्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही.

प्रत्येकाचा वाटा

मुख्याध्यापकांनी पटसंख्येची नोंद निर्दोष ठेवावी, कारण संचमान्यतेचा पाया तोच आहे. पट फुगविल्याने शिक्षक काही काळ वाचतो. पण पडताळणीत तफावत उघड झाली की त्याचा फटका साऱ्या भरतीला बसतो, हे २०११ नंतर दिसून आले. संस्थाचालकांनी व जिल्हा परिषदांनी बिंदुनामावली दरवर्षी अद्ययावत करून घ्यावी. कार्यालयांनी पुढील दोन वर्षांत निवृत्त होणाऱ्यांची शाळावार यादी तयार ठेवावी. पंचायत सदस्यांनी आणि शाळा व्यवस्थापन समितीने आपल्या शाळेतील मंजूर पदे किती, भरलेली किती आणि पुढील निवृत्ती केव्हा, या तीन गोष्टी ग्रामसभेपुढे ठेवाव्यात. गावातील सुशिक्षित तरुणाला तात्पुरते वर्गावर उभे करणे हा आपद्धर्म होय. त्यामुळे पद भरले असे समजू नये.

शिक्षकांवरील अशैक्षणिक कामांना कायद्याने मर्यादा घातली आहे. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक यांपलीकडे त्यांना जुंपू नये. उपलब्ध शिक्षक वर्गात राहील, तरच नव्या नेमणुकीचेही चीज होईल.

भरतीचे यश निवड यादीच्या लांबीवर मोजले जाऊ नये. निवृत्तीच्या दिवसापासून नवा शिक्षक रुजू होण्याच्या दिवसापर्यंत किती दिवस गेले, हे माप प्रत्येक जिल्ह्याने स्वतःस लावून पाहावे. ते दिवस कमी करणे प्रशासन, संस्था आणि गाव यांच्या हाती आहे.