खातं कुणाच्या नावावर?

(छावणी, छत्रपती संभाजीनगर येथे बचत गटांतील मैत्रिणींसमोर केलेले भाषण)



इथे भाजी विकणाऱ्या, शिवणकाम करणाऱ्या, डबे देणाऱ्या अशा सगळ्याजणी जमल्या आहेत. २०१६ साली यूपीआय सुरू झालं आणि हळूहळू तुमच्या टोपलीशेजारीही क्यूआर कोडचा कागद आला. सुट्ट्या पैशांची कटकट गेली, हे चांगलंच झालं. पण माझा एक प्रश्न आहे. त्या कागदामागचं खातं कुणाच्या नावावर आहे? नवऱ्याच्या? मुलाच्या? मग कष्ट तुमचे आणि शंभर रुपयांसाठीही हात पसरायचा! म्हणून पहिली गोष्ट : खातं, त्याला जोडलेलं सिमकार्ड आणि पिन ही तिन्ही आपल्याच ताब्यात हवीत.

साताऱ्यातल्या म्हसवडच्या बायकांनी बँक काढायची ठरवली, तेव्हा त्यांना सही येत नाही म्हणून परवानगी नाकारली गेली. त्या अक्षरं शिकल्या, पुन्हा गेल्या आणि १९९७ साली माणदेशी महिला बँक उभी राहिली. सही शिकता येते, तसा फोनही शिकता येतो.

आता फसवणुकीचं पाहू. फोन येतो, "लष्करातून बोलतोय, पन्नास डबे हवेत. आगाऊ पैसे पाठवतो, हा कोड स्कॅन करून पिन टाका." देशभर अनेकजण असे फसले आहेत. छावणीत तर लष्कराचं नाव ऐकून चटकन विश्वास बसतो. पक्कं लक्षात ठेवा, पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात.

गिऱ्हाइकाने दाखवलेल्या फोटोवर विसंबू नका, जमा झाल्याचं आपल्या फोनवर पाहा. आपल्या कागदावर कुणी दुसरा कोड चिकटवला नाही ना, हे रोज सकाळी बघा.

पिन घरातही सांगू नका. बेंगळुरूत एका बाईने बाळंतपणात नवऱ्याला एटीएमचं कार्ड आणि पिन दिला. यंत्रातून पैसे आले नाहीत, पण खात्यातून पंचवीस हजार वजा झाले. पिन दुसऱ्याला दिला म्हणून २०१८ साली ग्राहक मंचातही निकाल तिच्या विरोधात गेला.

फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन करा आणि बँकेला कळवा. जितका उशीर, तितके पैसे पुढे सरकतात. पण अनेकजणी गप्प बसतात. घरचे बोलतील, फोन काढून घेतील, ही भीती असते. गुन्हा चोराचा आणि शिक्षा मात्र बाईला! अशा वेळी तिला एकटं सोडू नका. गटातल्या दोघींनी तिच्यासोबत बँकेत आणि पोलीस ठाण्यात जायचं.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपलं पासबुक आणि फोन घेऊन यायचं. खातं कुणाच्या नावावर आहे, ते तिथेच तपासू. ज्यांचं खातं नाही, त्यांना घेऊन आपण सगळ्याजणी बँकेत जाऊ.