पैशाशिवायचा गाव
(कार्यकर्त्यांच्या मेळाव्यातील भाषण)



'पैशाशिवाय समाज चालेल का?' हा विषय मला दिला आहे. आपल्या पाड्यांना हा प्रश्न नवा नाही. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात पडकई होते. उतारावर भाताचे खाचर काढायचे, दगडमातीचा बांध घालायचा, हे एका घराच्या आवाक्यातले काम नाही. म्हणून आज सगळे तुमच्या शेतात, उद्या माझ्या. इर्जिकीत शेजारी नांगर-बैल घेऊन येतात आणि दिवसभरात एकाचे शेत उरकून देतात. मजुरी नाही, पोटभर जेवण. मोठी कामे पैशाशिवाय होतात हे आपले वाडवडील दाखवून गेले आहेत.

पण दुसरी बाजूही पाहू या. डहाणू-तलासरीकडे लग्नगडी पद्धत होती. लग्नासाठी सावकाराकडून कर्ज घ्यायचे आणि मग नवराबायकोने वर्षानुवर्षे त्याच्याकडे राबायचे. तिथेही कष्टाचा पैसा हाती येत नसे. कर्ज किती फिटले हे सावकारच ठरवी. १९४५ मध्ये वारली बांधव या वेठीविरुद्ध उठले आणि त्यांनी कामाचे दाम मागितले. देशात वेठबिगारी बंद करणारा कायदा यायला १९७६ उजाडले. त्या गड्याला रोख मजुरी म्हणजे सुटकेची वाट होती.

दोन्हीकडे पैसा नाही. मग एकीकडे सोबत आणि दुसरीकडे गुलामी का? पडकईचा हिशेब साऱ्या गावाच्या डोळ्यांसमोर असतो. लग्नगड्याचा हिशेब एकाच माणसाच्या वहीत होता.

यरुशलेमेतील पहिल्या मंडळीत सर्व काही समाईक होते, हे आपण प्रेषितांच्या कृत्यांत वाचतो आणि आनंदतो. तसाच सहावा अध्यायही वाचावा. रोजच्या वाटपात ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांची उपेक्षा होऊ लागली आणि कुरकुर सुरू झाली. प्रेषितांनी ती दडपली नाही. वाटपासाठी सात माणसे निवडली गेली आणि त्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती, त्यांच्याच बाजूच्या माणसांच्या हाती वाटप दिले असावे, असे मला वाटते. पुढे याच यरुशलेमेतील गरिबांसाठी पौलाने दूरदूरच्या मंडळ्यांतून वर्गणी गोळा केली. म्हणजे पैशाला तिथे मज्जाव नव्हता.

आपले काम याच्याशी जोडलेले आहे. पावसाळ्यात घरातले धान्य संपते, लग्नकार्य निघते आणि माणूस वीटभट्टीची उचल घेतो. पुढचे सहा-आठ महिने मग कुटुंब तिकडेच, मुलांची शाळा सुटलेली. पाड्यावर धान्य बँक असेल, तर अडचणीत पायलीभर भात नेता येतो आणि सुगीला परत भरता येतो. निदान पोटासाठी तरी उचल घ्यावी लागत नाही.

अशी बँक सुरू करताना तीन गोष्टी विचारा. हिशेब सर्वांना दिसेल असा भिंतीवर लिहिला आहे का? ज्याला परतफेड जमणारच नाही, त्याचा वाटा ठेवला आहे का? वाटप करणाऱ्यांत विधवा आणि भूमिहीन आहेत का?

प्रत्येक पाड्यावर एखादे घर असे असते, की तिथून पडकईला पाठवायला धडधाकट माणूसच नाही. त्या घराच्या शेताला पाळी मिळते का, हे आधी पाहा. मिळत असेल, तर तो गाव पैशाशिवाय चालेल आणि पैसा आला तरी बिघडणार नाही.

देव आपणांस आशीर्वाद देवो.