नाटकाची पदवी आणि महिन्याचा हप्ता

तारापूरच्या कारखान्यातील पगार तुटपुंजा असेल, पण तो महिन्याला येतो. व्यावसायिक रंगभूमीवर नटाला पैसे मिळतात ते प्रयोगागणिक, ‘नाइट’च्या हिशेबाने. बोईसरच्या कामगाराची मुलगी कर्ज काढून नाट्यशास्त्राची पदवी घेते, तेव्हा पेच येथे पडतो. ७.५ लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँका सहसा तारण मागत नाहीत. सहकर्जदार म्हणून बापाची सही मात्र घेतात. अभ्यासक्रम संपून वर्ष उलटले की हप्ता सुरू. प्रयोग रद्द झाला तर नाइट बुडते, व्याज बुडत नाही. कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धेत हौसेने रंग लावणारा बाप यामुळेच मुलीला अडवतो. त्याला दोष कोण देणार? दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात विद्यार्थ्याला विद्यावेतन मिळते, पण जागा मोजक्या. पुणे विद्यापीठाच्या १९८७ पासूनच्या ललित कला केंद्रातही शासनाने तेच द्यावे.