शेलच्या वायूचे गणित



जमिनीखाली वायू किती आहे हा एक प्रश्न; त्यातला वर किती काढता येईल हा दुसरा; आणि काढणे परवडेल किती, हा तिसरा. वर्तमानपत्रांत या तिन्हींची सरमिसळ होते आणि मथळ्यात मोठा आकडा जातो. पोलंडमध्ये नेमके हेच झाले.

२०११ साली अमेरिकेच्या ऊर्जा माहिती प्रशासनाने अंदाज वर्तवला की, पोलंडच्या शेल खडकांतून १८७ लाख कोटी घनफूट वायू काढता येईल. रशियाच्या वायूवर विसंबलेल्या त्या देशाला ही स्वातंत्र्याची सनदच वाटली. २०१४ साली व्यापारी उत्पादन सुरू होईल, असे पंतप्रधान टुस्क यांनी सांगून टाकले. मार्च २०१२ मध्ये पोलंडच्याच भूगर्भशास्त्र संस्थेने नवा हिशेब मांडला: बहुधा १२ ते २७ लाख कोटी. म्हणजे जेमतेम दशांश! खडक मात्र तोच होता.

पहिल्या रीतीत खडकाचे क्षेत्रफळ, जाडी व त्यात सामावलेला वायू यांचा गुणाकार करतात आणि त्याचा साधारण चौथा हिस्सा हाती येईल असे धरतात. शेल इतका घट्ट असतो की पाणी, वाळू व रसायने प्रचंड दाबाने सोडून तो फोडावा लागतो. तेव्हा हा चौथा हिस्सा म्हणजे मोजमाप नव्हे, गृहीतक आहे. दुसऱ्या रीतीत एका विहिरीचे आयुष्यभराचे उत्पन्न धरून विहिरींच्या संभाव्य संख्येने गुणतात. पोलिश शास्त्रज्ञांनी हीच रीत घेतली. पण त्यांच्याजवळ नोंदी होत्या १९५० ते १९९० या काळातल्या ३९ जुन्या विहिरींच्या, आणि उत्पन्नाचे आकडे उसने घ्यावे लागले अमेरिकेतून. शिवाय शेलच्या विहिरीचा प्रवाह बहुधा पहिल्याच वर्षी निम्म्याहून अधिक आटतो. पहिल्या काही महिन्यांच्या जोरावर तीस वर्षांचा हिशेब मांडणे किती धाडसाचे, हे शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको.

पुढे सुमारे ७० विहिरी खोदल्या गेल्या. व्यापारी उत्पादन झालेच नाही. एक्सॉन २०१२ मध्ये बाहेर पडली, शेव्हरॉन २०१५ मध्ये.

आपल्या देशाविषयीही असे दोन आकडे आहेत. २०१३ साली त्याच ऊर्जा प्रशासनाने भारतासाठी ९६ लाख कोटी घनफूट सांगितले. दोन वर्षे आधी अमेरिकेच्याच भूगर्भ सर्वेक्षणाने खंबायत, कृष्णा-गोदावरी व कावेरी या खोऱ्यांसाठी सांगितले होते सुमारे ६. (दोघांनी पाहिलेले क्षेत्र तंतोतंत एक नाही, हे मान्य, पण एवढी तफावत तेवढ्याने भरून निघत नाही.) आणि एक विहीर फोडायला कोटी लिटरहून अधिक पाणी लागते. खंबायत खोऱ्यातल्या मेहसाणा जिल्ह्यात भूजल आधीच खोल गेले आहे. या अंदाजांत पाण्याचा रकानाच नाही.

म्हणून असा आकडा घेऊन कोणी गावात आले, तर ग्रामसभेत आपल्या कार्यकर्त्यांनी तीन गोष्टी विचाराव्यात: हा साठा की हाती येणारा वायू? कोणत्या भावाला? आणि हे इथल्या किती विहिरींवरून ठरवले?