सबवूफर वेगळा ऐकू येतोय? मग क्रॉसओव्हर तपासा

सबवूफर घेतला की महिन्याभरात एक तक्रार हमखास येते. बास नुसता घुमतो, संवाद नीट कळत नाहीत, आता मोठा सबवूफर घेऊ का? माझं उत्तर एकच, थांबा. पैसे काढण्याआधी अर्धा तास सेटिंगला द्या. नीट जमलेला सबवूफर वेगळा ऐकूच येत नाही. बास समोरच्या स्पीकरमधूनच येतोय असं वाटतं.

क्रॉसओव्हर म्हणजे कामाची वाटणी. ठरावीक फ्रिक्वेन्सीच्या खालचं काम सबवूफरचं, वरचं स्पीकरचं. सबवूफरला लागतो तो लो-पास फिल्टर, स्पीकरला लागतो तो हाय-पास. पण ही वाटणी भिंतीसारखी नसते, घसरगुंडीसारखी असते. ८० हर्ट्झवर २४ डेसिबल प्रति ऑक्टेव्हचा लो-पास लावला, तर १६० हर्ट्झला सबवूफर साधारण २४ डेसिबलने खाली येतो. पूर्ण गप्प होत नाही.

मग आकडा कुठला? सुरुवात ८० हर्ट्झपासून करा. टीएचएक्सने होम थिएटरसाठी हाच आकडा धरला. इतक्या खालच्या आवाजाची दिशा कानाला सहसा कळत नाही, कारण तिथे ध्वनीची एक लाट चार मीटरहून लांब असते.

समजा १५० ला ठेवला. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ सूर ढोबळमानाने ८५ ते १८० हर्ट्झमध्ये असतो. म्हणजे हिरो पडद्यावर आणि त्याच्या आवाजाचा खर्ज सोफ्यामागच्या कोपऱ्यातून!

बरं, ४० ला ठेवला तर? तितक्याच जोरात एक ऑक्टेव्ह खालचा सूर वाजवायला स्पीकरच्या कोनला चौपट हलावं लागतं. चार इंची वूफर ५० हर्ट्झशी झटापट करत बसला, की त्याच वूफरमधून येणारं गाणंही गढूळ होतं. म्हणून स्पीकर ६० हर्ट्झपर्यंत खाली जातो असं लिहिलं असेल, तर क्रॉसओव्हर ८० ते ९०. अगदी छोटे स्पीकर १०० लाच दमत असतील तर १२० किंवा थोडा वर. पण मग सबवूफर पुढे, स्पीकरजवळच ठेवा.

आता रिसीव्हर असेल तर तीन गोष्टी करा.

एक, मेनूमध्ये स्पीकर ‘स्मॉल’ करा. हा स्पीकरच्या आकारावरचा शेरा नाही हो! ‘स्मॉल’ म्हणजे हाय-पास चालू. ‘लार्ज’ ठेवलंत तर खालच्या बासचं ओझं त्या स्पीकरवरच राहतं.

दोन, सबवूफरच्या मागचा क्रॉसओव्हरचा नॉब पूर्ण वर न्या, किंवा एलएफई इनपुट वापरा. रिसीव्हर ८० ला कापतोय आणि नॉबही ८० वर, तर फिल्टर दोनदा लागतो. मग बरोबर सांध्यावरच खड्डा पडतो.

तीन, फेज. मोबाइलवरच्या टोन जनरेटर ॲपने ८० हर्ट्झचा सूर बेताच्या आवाजात लावा, स्पीकर आणि सबवूफर दोन्हींतून. तुम्ही नेहमीच्या जागी बसा आणि कुणाला तरी फेजचा स्विच ० वरून १८० वर करायला सांगा. जिथे आवाज जास्त भरतो, तिथेच ठेवा.

रिसीव्हर नाही, मोबाइलवरून ब्लूटूथने थेट स्पीकर? अशा सेटमध्ये बऱ्याचदा स्पीकरला हाय-पास नसतोच. मग सबवूफरचा नॉबच तुमचा क्रॉसओव्हर. तो सगळ्यात खाली ठेवून बातम्या लावा आणि हळूहळू वर न्या. निवेदकाचा आवाज जाड वाटला, की थोडं मागे या.

एवढं करूनही घुमतंय? मग दोष बहुतेक खोलीचा. सबवूफर कोपऱ्यातून दोन-तीन फूट बाहेर काढून बघा. आणि फ्लॅटमध्ये राहत असाल तर लेव्हल जपून. खालचा बास भिंतीतून शेजाऱ्यांकडे आरामात पोचतो, क्रॉसओव्हर कितीही अचूक लावा.

शेवटची परीक्षा. पाठ असलेलं गाणं लावा आणि मध्येच सबवूफर बंद करा. तो चालू होता हे बंद केल्यावरच कळलं, तर समजा जमलं. नवा सबवूफर घ्यायचा विचार त्यानंतर. भेटू पुढच्या भागात!